राखण : प्रस्तावना

रोज सकाळी साडेसहाला मी एका हातात पत्र्याची बादली आणि दुसऱ्या हातात फावडं घेऊन फेरीला निघते. जुलै असला तरी नऊ हजार फुटांवर कधी कधी गवतावरचं दव गोठलेलं असतं आणि बादलीची कडी बोटांना झोंबते. ज्या जागेवरचे लोक पहाटेच आवरून निघून गेले असतील तिथे मी थांबते. शेकोटीच्या लोखंडी कड्याशेजारी उकिडवी बसते, हातमोजा काढते आणि हाताची मागची बाजू राखेजवळ नेते. झळ लागली नाही तर हात राखेला टेकवते. तेही गार लागलं तर फावड्याने राख उलटते आणि खालच्या थरालाही तसाच हात लावून बघते. तो गार असला तरच राख बादलीत भरते आणि पुढच्या जागेकडे वळते.

गेले सहा उन्हाळे मी हे करते आहे. कॅलिफोर्नियाच्या पूर्व अंगाला, सिएरा नेवाडाच्या डोंगरउतारावर, इन्यो राष्ट्रीय वनातल्या एका छोट्या कॅम्पग्राउंडवर मी आणि माझे यजमान मे महिन्याच्या अखेरीस जातो आणि ऑक्टोबरात पहिलं बर्फ पडायच्या सुमाराला खाली उतरतो. या मुक्कामांत रोज रात्री कंदिलाच्या उजेडात लिहिलेल्या टिपणांचं हे पुस्तक झालं आहे. पुस्तक हातात घेणाऱ्याला या कामाची आधी थोडी ओळख असावी, म्हणून ही लांबलेली प्रस्तावना.

आपल्याकडे डोंगरात रात्र काढायची तर पायथ्याचं नाहीतर वाटेवरचं गाव आपल्याला सांभाळून घेतं. राजमाचीला गेलो की उधेवाडीतल्या कुणाच्या तरी ओसरीवर पथारी पडते. हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर पाचनईत कुणाच्या तरी चुलीवरची भाकरी पानात येते. तिथला यजमान घरचा असतो. घर त्याचं, चूल त्याची आणि ज्या डोंगरावर आपण निघालो तोही पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या पायाखालचा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वनांत मुक्कामाच्या जागेजवळ बहुधा गाव नसतं. तिथे झाडांमधून एक वळणाचा रस्ता काढलेला असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना क्रमांक घातलेल्या जागा असतात. प्रत्येक जागेवर एक लाकडी टेबल, शेकोटीचं एक लोखंडी कडं, अन्न ठेवायची एक पोलादी पेटी, तंबू ठोकायला सपाट जमीन आणि एक गाडी शिरेल एवढी मोकळी पट्टी. आमच्याकडे अशा एकतीस जागा आहेत. प्रवेशाजवळच्या पहिल्या जागेवर आमची फिरती गाडी उभी असते आणि बाहेर पाटी लावलेली असते : होस्ट.

या शब्दाला मराठीत काय म्हणायचं याचा मी बराच विचार केला. ‘यजमान’ म्हणावं तर घर माझं नाही, जेवण मी वाढत नाही आणि आलेल्याला मी बोलावलेलंही नाही. ‘व्यवस्थापक’ म्हणावं तर माझ्या हाती अधिकार नाही. मी कुणाला दंड करू शकत नाही, कुणाला बाहेर काढू शकत नाही. फार तर खाली फोन करून वनरक्षकाला बोलावते, तेही जिथे फोन लागतो त्या वळणापर्यंत तीन मैल गाडी नेऊन. शेवटी शब्द सापडला तो माझ्या आजोळचा. मालवणकडच्या आमच्या गावाला राखणदार आहे. तो रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो, कुणाला दिसत नाही, पण तो आहे या धीरावर लोक निर्धास्त झोपतात, अशी गावाची श्रद्धा. वर्षाकाठी त्याला नारळ देतात, त्या देण्यालाही राखणच म्हणतात. दैवताशी स्वतःची बरोबरी करायचा माझा विचार नाही. पण सीमेवरून फिरायचं, लोक झोपलेले असताना जागं राहायचं आणि जमीन सांभाळायची, या कामाला राखण याहून नेमका शब्द मला मिळाला नाही.

ही व्यवस्था उभी कशी राहिली, हे बहुतेक येणाऱ्यांना ठाऊक नसतं. गेल्या शतकाच्या विशीत अमेरिकेत सामान्य माणसाच्या हाती मोटार आली आणि लोक जंगलात जाऊ लागले. वाटेल तिथे गाडी घालायची, वाटेल तिथे चूल मांडायची. दोनचार उन्हाळ्यांत ज्या झाडांच्या सावलीसाठी लोक येत तीच झाडं वाळू लागली. हे का होतं याचा छडा लावला ई. पी. माइनेके यांनी. ते झाडांच्या रोगांचे अभ्यासक. गाड्यांच्या चाकांनी आणि माणसांच्या पावलांनी माती दाबली जाते, तिच्यात पाणी आणि हवा जात नाही, मुळं गुदमरतात आणि झाड उभ्या उभ्या मरतं, हे त्यांनी ओळखलं. १९३२ साली त्यांनी कॅम्पग्राउंडच्या धोरणाविषयी एक टिपण लिहिलं. माणसाला अडवू नये, गाडीला अडवावं, असा त्यांचा रोख होता. एकेरी वळणाचा रस्ता, प्रत्येक जागेसाठी गाडी उभी करायची ठरलेली पट्टी, कडेने मोठे दगड आणि ओंडके, टेबल आणि चूल कायमच्या एकाच ठिकाणी. आज मी ज्या वळणावरून सकाळची फेरी मारते ते वळण झाडांच्या एका वैद्याच्या डोक्यातून आलेलं आहे. एखादा पाहुणा दगड बाजूला सरकवून गाडी झाडाखाली लावतो आणि विचारतो, ‘काय बिघडलं?’ तेव्हा मी त्याला मुळांची ही गोष्ट सांगते. नियम सांगितला की माणूस वाद घालतो, मुळं सांगितली की बहुधा गाडी मागे घेतो.

पुढच्याच वर्षी, १९३३ साली, मंदीत बेकार झालेल्या तरुणांसाठी सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर ही योजना सुरू झाली. महिन्याला तीस डॉलर मिळत आणि त्यातले बहुतेक, साधारण पंचवीस, थेट घरी पाठवले जात. १९४२ पर्यंत सुमारे तीस लाख तरुण या योजनेतून गेले. त्यांनी झाडं लावली, वाटा बांधल्या आणि माइनेके यांनी सुचवलेल्या पद्धतीची असंख्य कॅम्पग्राउंडं उभारली. पुढे १९७२ च्या कायद्याने राष्ट्रीय वनं सांभाळणाऱ्या वनसेवेला स्वयंसेवक घेण्याची मुभा मिळाली. काम करताना स्वयंसेवकाला इजा झाली तर सरकारी कर्मचाऱ्यासारखी भरपाई देण्याची तरतूदही त्यात झाली. आज काही कॅम्पग्राउंडं वनसेवा स्वतः चालवते, पुष्कळशी खाजगी कंपन्या परवान्यावर चालवतात. कुठे होस्टला तासावर पगार असतो, तर कुठे आमच्यासारखी फुकट जागा आणि किरकोळ मानधन. बहुतेक होस्ट निवृत्त जोडपी असतात. मी अठ्ठावीस वर्षं प्रयोगशाळेत नोकरी केली, यांनी पुलांचे आराखडे काढले. दोघांनाही उरलेले उन्हाळे बंद खोलीत घालवायचे नव्हते, एवढंच आमचं सुरुवातीचं कारण होतं.

दिवसाचं काम सांगायचं तर पहिलं काम संडास. यात लाजण्यासारखं काही नाही, किंबहुना मुक्कामाची निम्मी अब्रू तिथेच ठरते. आमच्या संडासांना पाणी नाही. खाली काँक्रीटची बंद टाकी आणि मागच्या बाजूने छपरावर गेलेली जाड, काळी नळी. ऊन लागलं की काळी नळी तापते, तिच्यातली हवा वर चढते आणि टाकीतली दुर्गंधी सोबत घेऊन जाते, खोलीतली ताजी हवा मागोमाग खाली ओढली जाते. सॅन डिमास इथल्या वनसेवेच्या अभियंत्यांनी ही रचना बसवली. नळी उन्हात असायला हवी, झाकण आणि दार बंद असायला हवं, एवढं सांभाळलं तर वीज नाही, पंखा नाही, तरी वास येत नाही. मात्र कुणी टाकीत बाटल्या, डायपर टाकले की टाकी उपसायला आलेल्या माणसाला ते आकड्याने एकेक करून वर काढावे लागतात. त्याच्या कपाळावरचा घाम मी पाहिलेला आहे. म्हणून दारावर माझ्या हाताने लिहिलेला कागद लावते : ‘इथे टाकलेली प्रत्येक वस्तू एका माणसाला हाताने बाहेर काढावी लागते.’ छापील पाटीकडे लोक बघत नाहीत, हाताने लिहिलेलं मात्र वाचतात.

मग पैशांचं काम. दाराशी एक जाड लोखंडी नळकांडं काँक्रीटमध्ये रोवलेलं आहे. पाकिटात रक्कम घालायची, गाडीचा नंबर लिहायचा, चिठ्ठीचा तुकडा फाडून आपल्या जागेच्या खांबाला अडकवायचा आणि पाकीट फटीतून आत सोडायचं. इथले लोक या नळकांड्याला ‘आयर्न रेंजर’ म्हणतात. समोर कुणी उभं नसताना माणसं रांगेने पैसे टाकून जातात, हे पहिल्या वर्षी मी आश्चर्याने बघत असे. न टाकणारेही असतात. त्यांच्याकडे जाताना मी आधी विचारते, रात्री झोप कशी लागली.

दुपारपर्यंत जुने लोक जातात आणि नवे येतात. त्या दोन-तीन तासांत टेबलं पुसायची, जमिनीवरचे चिंधी-कपटे, दोऱ्या, बाटल्यांची झाकणं वेचायची, राख उपसायची. येणाऱ्याला आपणच इथे पहिले आलो असं वाटलं पाहिजे. पाऊस सांगून येत नाही. जुलै-ऑगस्टात सकाळी निरभ्र असलेलं आकाश दोन वाजता शिखरांमागून काळं होतं आणि गडगडाट सुरू होतो. अशा वेळी उंचावरच्या तळ्यांकडे निघालेल्यांना वाटेतच अडवून परत फिरायला सांगणं, हे माझं काम कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही. संध्याकाळी एकतीस शेकोट्या पेटतात, पाइनच्या डिंकाचा वास सुटतो, मुलं सायकली फिरवतात. रात्री दहाला शांततेची वेळ. शेवटची फेरी मी हातातला दिवा बंद ठेवून मारते. डोळे सरावले की चांदण्यातही वाट दिसते आणि तंबूवर उजेड पडून कुणाची झोप मोडत नाही.

अस्वलाविषयी सगळे विचारतात. कॅलिफोर्नियात आता फक्त काळं अस्वल उरलं आहे. नाव काळं, पण अंगाचा रंग पुष्कळदा तपकिरी. राज्याच्या झेंड्यावरचं ग्रिझली गेल्या शतकाच्या विशीतच इथून नाहीसं झालं. काळ्या अस्वलाला माणूस नको असतो, अन्न हवं असतं. त्याच्या नाकाला अन्न म्हणजे केवळ जेवण नव्हे. दातांची पेस्ट, साबण, अंगाला लावायचं मलम, रिकामा डबा, सगळं त्यात आलं. आमच्या शेजारच्या योसेमिटीत १९९८ साली एका वर्षात अस्वलांच्या उपद्रवाच्या दीड हजारांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या होत्या. गाड्यांची दारं वाकवून अस्वलं आत शिरत. जागोजागी पोलादी पेट्या बसवल्या, लोकांना त्या वापरायला लावलं आणि हा आकडा झपाट्याने खाली आला. त्यात मोठा बदल झाला तो माणसांच्या सवयीत. ज्या अस्वलाला माणसाच्या अन्नाची चटक लागते ते धीट होतं आणि धीट झालेल्या अस्वलाला बहुधा शेवटी मारावं लागतं. म्हणून कुणी पेटीचं दार उघडं टाकून फिरायला गेलं तर मी ते लावते आणि संध्याकाळी त्यांना जाऊन सांगते. रागावून सांगत नाही, पण सांगितल्याशिवाय राहतही नाही.

लांब सुट्टीच्या आठवड्यात सॅन फ्रान्सिस्को बे एरियातून मराठी कुटुंबं येतात. आमच्या पाटीखाली नाव वाचून एखादी मुलगी थबकते आणि ‘काकू, तुम्ही मराठी?’ म्हणत थेट खुर्ची ओढून बसते. त्यांना मी आधी एकच गोष्ट सांगते : इथे पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा कुकर आणला नसेल तर डाळ शिजायची वाट बघू नका, माझा कुकर घेऊन जा. मग रानात शिट्टी वाजते, हिंग-मोहरीच्या फोडणीचा वास पसरतो आणि दोन जागा पलीकडचा गोरा मुलगा काय शिजतंय म्हणून बघायला येतो. फोडणी झाल्यावर कढई धुऊन पेटीत ठेवायची, हे मात्र मी दोनदा बजावते.

त्यांच्या मुलांना जमिनीत कधी कधी काळी, काचेसारखी चकाकणारी कपची सापडते. ती ऑब्सिडियन, ज्वालामुखीतून आलेली नैसर्गिक काच. या खोऱ्यात पाययूट लोक हजारो वर्षं राहिले, आजही राहतात. या काचेची हत्यारं ते घडवत आणि डोंगर ओलांडून तिचा व्यापार चाले. मुलगा कपची खिशात घालायला निघतो, तेव्हा मी त्याच्या शेजारी बसून तिच्यावर हत्याराच्या घावाच्या खुणा दाखवते. कुणीतरी इथेच, याच झाडीत बसून ही घडवली. कायद्याने ती इथून हलवता येत नाही, हे त्याच्या आईवडिलांना सांगते. मुलाला सांगते, जिथून उचललीस तिथेच ठेव, म्हणजे पुढच्या मुलालाही सापडेल. बहुतेक मुलं ठेवतात, आणि अगदी त्याच बाजूने उलटी करून ठेवतात.

आता ती गोष्ट, जी सांगितल्याशिवाय हे पुस्तक मला छापायला देता आलं नसतं.

पहिला उन्हाळा. सतरा नंबरच्या जागेवरचे लोक रात्री उशिरापर्यंत बसले आणि सकाळी आठला निघून गेले. मी अकराच्या सुमारास पोहोचले. कड्यात राखाडी राख, वर पसरलेली माती. धूर नाही, वास नाही. मी उभ्यानेच बघितलं, टेबल पुसलं आणि वहीत ‘तयार’ अशी खूण केली. दीड वाजता एक कुटुंब आलं. आईवडील गाडीतून सामान काढत होते, तीन वर्षांची मुलगी कड्याशी खेळत होती. ती ओणवी झाली आणि तोल जाऊन तिचा तळहात राखेत गेला. तिची किंकाळी मला माझ्या जागेपर्यंत ऐकू आली. आम्ही वीस मिनिटं तिच्या हातावर गार पाणी धरलं, मग ते तिला घेऊन खाली दवाखान्यात गेले. निघताना तिच्या वडिलांनी विचारलं, ‘तुम्ही तपासलं होतं ना?’ मी म्हटलं, ‘बघितलं होतं.’

हात बरा झाला, असं त्यांनी पुढे पत्राने कळवलं. त्या पत्रात माझ्याविषयी एकही कडू शब्द नव्हता. पण ‘बघितलं होतं’ हे माझंच उत्तर माझ्या कानांतून गेलं नाही.

त्या रात्री मला आजी आठवली. जेवणं झाली की ती चुलीतले निखारे एका जागी ओढायची आणि त्यांवर राखेचं जाडसर पांघरूण घालायची. पहाटे राख बाजूला सारली की आत लालबुंद विस्तव. वर चार काटक्या ठेवल्या आणि फुंकणीने फुंकलं की चूल पेटायची. काड्यापेटीची काडी वाचायची. ‘विस्तव राखून ठेव गो,’ ती मामीला म्हणायची. राखेने हवा कमी मिळते, निखारा सावकाश जळतो, ऊब आत कोंडून राहते. हे मी वयाच्या सहाव्या वर्षापासून डोळ्यांनी पाहत आले होते. आणि ज्या दिवशी माझ्यापुढे तीच राख, तीच वर घातलेली माती आली, त्या दिवशी मी ती विझलेली आहे असं समजून पुढे गेले. आजीच्या घरी जी विस्तव जगवण्याची युक्ती होती तीच इथे धोक्याची जागा आहे. माती लोटून शेकोटी विझत नाही, झाकली जाते.

म्हणून पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, पुन्हा पाणी ओतायचं आणि शेवटी हात लावायचा. चार पायऱ्यांतली चौथी बहुतेक जण गाळतात. हात लावून बघायला लाज वाटते, की भीती वाटते, की डोळ्यांवर फार विश्वास असतो, मला कळलेलं नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यांत मला वरून पांढरी, थंड दिसणाऱ्या राखेखाली निखारे किती वेळा सापडले याची नोंद या पुस्तकात आहे. एकदा कड्याखालून गेलेलं पाइनचं एक मूळ आतल्या आत धुमसत होतं. त्या एका जागेवर आम्ही अकरा बादल्या पाणी ओतलं आणि दुपारी वारा सुटला तेव्हा देवाचे आभार मानले.

एका शेकोटीतून काय होऊ शकतं हे सिएराच्या पश्चिम उतारावर दिसलं आहे. १७ ऑगस्ट २०१३ ला स्टॅनिस्लॉस राष्ट्रीय वनात आग लागली. एका शिकाऱ्याने बेकायदा पेटवलेली शेकोटी हाताबाहेर गेली, असा निष्कर्ष वनसेवेने काढला. त्या रिम आगीत अडीच लाख एकरांहून अधिक रान जळालं, आग योसेमिटीच्या हद्दीत शिरली. सप्टेंबर २०२० मध्ये क्रीक आगीने मॅमथ पूल तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडचा रस्ता बंद केला, तेव्हा नॅशनल गार्डच्या हेलिकॉप्टरांनी धुरातून खाली उतरून दोनशेहून अधिक माणसं बाहेर काढली. मुक्कामाला आलेली माणसं होती ती, आमच्याकडे येतात तशी, मुलाबाळांसकट. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी सप्टेंबरात कॅलिफोर्नियातली सगळी राष्ट्रीय वनं काही दिवस लोकांसाठी बंद ठेवावी लागली. त्या दिवसांत रिकाम्या वळणावरून फिरताना माझ्या पावलांचा आवाज मलाच नकोसा होई.

पण आगीचा द्वेष करून हे काम होत नाही, हेही मला इथेच उमगलं. सिएराचं रान आगीबरोबर वाढलेलं आहे. जेफ्री पाइनची साल जाड असते ती आगीला तोंड द्यायला. उन्हात तापली की तिला व्हॅनिलासारखा वास येतो, मुलांना मी ती हुंगायला लावते. इथले मूळ रहिवासी रानाला जाणूनबुजून, मोजून आग लावत. १९३५ साली वनसेवेने धोरण ठरवलं की दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायची. ते कित्येक दशकं चाललं. या काळात जळायचं राहिलेलं सारं जमिनीवर साचत गेलं. आता आग लागली की त्या साचलेल्या सरपणासकट लागते, त्यात वाढतं तापमान आणि कोरडे हिवाळे. म्हणून शेकोटीवर बंदी आली तर मी ती पाळायला लावते, आणि बंदी नसेल तेव्हा लोकांसोबत शेकोटीशी बसतेही. विस्तव कधी राखायचा आणि कधी विझवायचा, हे कळणं ही राखणदाराची खरी विद्या आहे.

या पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्यात बर्फ वितळणं, नळ सोडणं, पडलेली झाडं बाजूला करणं. दुसऱ्यात गर्दीचे महिने आणि माणसं. त्यांची नावं, गावं मी बदलली आहेत. तिसरा भाग धुराचा. चौथ्यात नळांतलं पाणी काढून टाकून, पेट्यांना कुलपं लावून डोंगर त्याच्या त्याच्या हवाली करणं. वाचताना कुणाला तोचतोपणा जाणवेल : पुन्हा राख, पुन्हा टेबल, पुन्हा तेच वळण. तो मी काढून टाकलेला नाही. राखण म्हणजे तेच काम त्याच काळजीने पुन्हा करणं. सातव्या जागेवर कंटाळा आला म्हणून आठव्या जागेवर हात लावला नाही, तर आधीच्या सात जागांना अर्थ राहत नाही.

ज्यांनी मला फावडं धरायला शिकवलं त्या आधीच्या होस्ट जोडप्याचं ऋण मोठं आहे. यांनी या पुस्तकातला प्रत्येक मजकूर ऐकला आणि जिथे मी स्वतःला सोडवून घेत होते तिथे थांबवलं. टिपणं छापण्याजोगी आहेत असं ज्या मराठी मैत्रिणींनी सांगितलं, त्यांचीही मी ऋणी आहे.

शेवटी एका आजोबांविषयी. गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे आलेले, साताऱ्याकडचे शेतकरी. माकडटोपी आणि शाल घेऊन ते तीन दिवस माझ्याबरोबर सकाळच्या फेरीला आले. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, ‘ताई, या वयात दुसऱ्यांची राख कशाला उपसता?’ मी त्यांना सतरा नंबरची गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, ‘गोवरीचा विस्तव तर दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो.’ चौथ्या दिवशी पहाटे ते निघणार होते. मी पोहोचले तेव्हा गाडी भरून तयार होती, मुलगा-सून आत बसले होते आणि आजोबा कड्यापाशी उकिडवे बसलेले होते. बाजूला रिकामी बादली, कड्यात चिखल झालेली राख, आणि तिच्यावर त्यांच्या हाताची मागची बाजू टेकलेली. मला बघून ते सरकले आणि शेजारी जागा करून दिली.

मीही बसले, हातमोजा काढला आणि हात लावला. राख गार होती.